कंटेनर शिकवताना शब्द कसे निवडावेत: पहिल्यांदा बॅच घेणाऱ्यांसाठी

पुण्यात डॉकर या कंटेनर चालवणाऱ्या सॉफ्टवेअरच्या बॅचला बसणारी मुलं एका साच्याची नसतात. कोणी अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाला आहे, कोणी हिंजवडीत मॅन्युअल टेस्टिंग करून आता डेव्हऑप्सकडे वळू पाहतंय, कोणी लातूर-जळगावकडून मराठी माध्यमात शिकून नोकरीच्या शोधात आलंय. वर्गात बोलणं मराठीत होतं आणि वस्तूंची नावं इंग्रजी राहतात. यात काही बिघडत नाही. बिघडतं ते क्रियापदांपाशी. ‘इमेज’, ‘कंटेनर’, ‘व्हॉल्यूम’ हे शब्द सगळ्यांना नवे, म्हणून शिक्षक ते जपून समजावतात. ‘काढा’, ‘टाका’, ‘लावा’, ‘बंद करा’ हे शब्द घरचेच, म्हणून ते कोणी समजावत नाही. ‘आता एक कंटेनर काढा’ म्हटलं की काहीजण नवा तयार करतात आणि काहीजण होता तो हटवतात. दोघांचंही मराठी बरोबर आहे. बँकेत खातं काढतात आणि भिंतीतला खिळाही काढतात.

खालच्या पायऱ्या पहिल्या दोन-तीन सत्रांसाठी आहेत. कमांड इथे उच्चाराप्रमाणे लिहिल्या आहेत. फळ्यावर मात्र त्या टर्मिनलवर दिसतात तशाच, रोमन लिपीत लिहा. ‘डॅश’ आणि ‘डॅश डॅश’ यांतला फरक तोंडी सांगताना दर वेळी स्पष्ट उच्चारा: एका अक्षराच्या पर्यायाआधी एक डॅश, पूर्ण शब्दाच्या पर्यायाआधी दोन. नोट्स वर्डमध्ये टाइप करून वाटणार असाल तर वर्ड दोन डॅशची मिळून एक लांब रेघ करतो आणि सरळ अवतरणचिन्हं वाकडी करतो. तिथून कॉपी केलेली कमांड चालत नाही आणि नवख्याला कारण डोळ्यांनी दिसत नाही. साध्या टेक्स्ट फाइलमध्ये नोट्स द्या.

पायरी १: वर्गाआधी शब्दांचा तक्ता तयार करा

प्रत्येक शब्दासाठी चार रकाने करा: शब्द, त्याचा एका वाक्यातला मराठी अर्थ, तो डोळ्यांनी दाखवणारी कमांड, आणि तो कोणत्या दुसऱ्या शब्दाशी गल्लत होण्याजोगा आहे. तिसरा रकाना सगळ्यात महत्त्वाचा. जो शब्द दाखवता येत नाही तो पहिल्या दिवशी घ्यायचाच नाही. या कसोटीवर पहिल्या सत्रासाठी सहाच शब्द उरतात: इमेज, कंटेनर, मुख्य प्रोसेस, टॅग, पोर्ट आणि रजिस्ट्री. व्हॉल्यूम (डेटा ठेवायची वेगळी जागा) आणि डॉकरफाइल (इमेज कशी बनवायची ते लिहिलेली फाइल) दुसऱ्या सत्रात. लेअर, नेटवर्क, कंपोज त्यानंतर. क्लस्टर, पॉड, ऑर्केस्ट्रेशन हे शब्द एखाद्या हुशार मुलाने विचारले तरी ‘पुढे येणार आहे’ एवढंच सांगून पुढे जा. सगळ्या वर्गासमोर त्याचं उत्तर दिलंत तर बाकीच्यांच्या वहीत अर्धवट समजलेला शब्द जाऊन बसतो, आणि तो पुसणं नवीन शिकवण्यापेक्षा अवघड असतं.

तक्त्यातले अर्थ असे ठेवता येतील. इमेज म्हणजे फाइलींचा, नंतर न बदलणारा गठ्ठा आणि ‘सुरू करताना कोणती कमांड चालवायची’ ही सोबतची माहिती. कंटेनर म्हणजे त्या इमेजवरून उभा केलेला, स्वतःचं नाव आणि स्वतःचे बदल असलेला एक वेगळा संच. त्यात एक मुख्य प्रोसेस, म्हणजे सुरू केलेला प्रोग्राम, चालते. ती प्रोसेस संपली की कंटेनर थांबतो. रजिस्ट्री म्हणजे इमेज जिथे ठेवल्या जातात आणि जिथून आणल्या जातात तो सर्व्हर. डॉकर हब ही त्यातली एक. टॅग म्हणजे इमेजला दिलेली, दुसऱ्या इमेजवर हलवता येणारी चिठ्ठी. पोर्ट म्हणजे नेटवर्कवरून येणारी मागणी प्रोग्राम ज्यावर ऐकतो तो क्रमांक.

पायरी २: नावं भाषांतरित करू नका, पण त्यांचं लिंग ठरवा

इमेजला ‘प्रतिमा’ म्हटलं की मुलं चित्र शोधू लागतात. मुलाखत खराडीत असो वा बाणेरला, तिथे शब्द ‘इमेज’च येणार आहे, एरर मेसेजही इंग्रजीतच येणार आहे. म्हणून नाव तेच ठेवा, अर्थ मराठीत सांगा.

पण मराठीत नावाला लिंग लागतं, आणि ते आपल्या उपयोगाचं आहे. इमेज ‘ती’ आणि कंटेनर ‘तो’ हे पहिल्याच तासाला ठरवून टाका आणि शेवटपर्यंत पाळा. मग ‘तो हटवला’ आणि ‘ती हटवली’ या दोन वाक्यांत नाव न घेताही काय हटलं हे ऐकणाऱ्याला कळतं. इंग्रजीत दोघांनाही एकच सर्वनाम लागतं, त्यामुळे तिथे ही सोय नाही. काही शिक्षक बोलण्याच्या ओघात कधी ‘ते कंटेनर’, कधी ‘तो कंटेनर’, कधी ‘ती कंटेनर’ म्हणतात. बोलीत चालून जातं, पण वर्गात हा हाताशी आलेला आधार वाया जातो. विद्यार्थ्याने प्रश्न विचारताना ‘सर, ती थांबतच नाहीये’ म्हटलं तर तिथेच थांबून विचारा: ‘ती’ कोण? इमेज थांबत किंवा सुरू होत नाही. प्रश्नातच चूक सापडते.

पायरी ३: एका कमांडला एकच मराठी क्रियापद

इथे वेळ द्या. पुढची सगळी सत्रं यावर उभी आहेत.

आधी कोणती क्रियापदं वर्गाबाहेर ठेवायची ते पाहू. ‘काढणे’ पूर्ण वर्ज्य. ‘टाकणे’ही नको, कारण ‘डॉकर टाकला’ म्हणजे इन्स्टॉल केला, ‘फाइल टाकली’ म्हणजे कॉपी केली, आणि ‘काढून टाकला’ म्हणजे हटवला. ‘बंद केला’ म्हणजे टर्मिनलची खिडकी मिटली, कंटेनर थांबवला की डॉकर डेस्कटॉप सोडून बाहेर पडलो, हे कळत नाही. ‘लावणे’ हा शब्द सगळ्यात गोड आणि सगळ्यात फसवा. टॅग लावा, पोर्ट लावा, व्हॉल्यूम लावा: तिन्ही एकाच जातीची कामं वाटतात. प्रत्यक्षात टॅग इमेजला केव्हाही देता येतो, पण पोर्टची जोडणी आणि व्हॉल्यूम हे कंटेनर उभा करतानाच सांगावे लागतात. चालू कंटेनरला नंतर पोर्ट जोडणारी कमांड डॉकरमध्ये नाही. ‘लावा’ ऐकलेला विद्यार्थी ती शोधत अर्धा तास घालवतो.

त्याऐवजी ही जोडी ठरवा. पुल म्हणजे आणणे, पुश म्हणजे पाठवणे. बिल्ड म्हणजे बनवणे, आणि ‘बनवणे’ फक्त इमेजसाठी. क्रिएट म्हणजे उभा करणे, फक्त कंटेनरसाठी. स्टार्ट म्हणजे सुरू करणे. स्टॉप म्हणजे थांबवणे. रिमूव्ह म्हणजे हटवणे. एक्झेक म्हणजे चालू कंटेनरमध्ये आणखी एक कमांड चालवणे. स्थिती सांगताना ‘चालू’ आणि ‘थांबलेला’ हे दोनच शब्द, क्रिया सांगताना ‘सुरू करणे’ आणि ‘थांबवणे’.

आता ‘रन’. या कमांडला एक मराठी क्रियापद देऊच नका, कारण ती एक क्रिया नाही. इमेज मशीनवर नसेल तर आणणे, मग नवा कंटेनर उभा करणे, मग तो सुरू करणे, अशी तीन कामं ती ओळीने करते. पहिल्या सत्रात ही तीन कामं तीन वेगळ्या कमांडनी करून घ्या: ‘डॉकर इमेज पुल’, ‘डॉकर कंटेनर क्रिएट’, ‘डॉकर कंटेनर स्टार्ट’. चौथ्यांदा ‘रन’ दाखवा. जो विद्यार्थी ‘रन’ला ‘चालवणे’ समजतो तो थांबलेला कंटेनर पुन्हा सुरू करायलाही ‘रन’च देतो. नाव दिलेलं नसेल तर दर वेळी एक नवा कंटेनर उभा राहतो आणि आठवड्याभरात मशीनवर डॉकरने स्वतःहून दिलेल्या विचित्र नावांची रांग लागते. नाव दिलेलं असेल तर ‘हे नाव आधीच वापरात आहे’ अशी एरर येते. ही एरर वर्गात मुद्दाम आणून दाखवा.

‘एक्झेक’बद्दल बोलताना ‘कंटेनरच्या आत जा’ असं म्हणायची सवय पडलेली असते. त्यामुळे मुलांना ते दूरच्या मशीनवर लॉगिन केल्यासारखं वाटतं आणि मोठा प्रश्न उभा राहतो: ‘एक्झिट’ टाइप केल्यावर एकदा कंटेनर थांबला, एकदा नाही थांबला, असं का? उत्तर ‘मुख्य प्रोसेस’ या शब्दात आहे. ‘रन डॅश आयटी उबुंटू बॅश’ने सुरू केलेल्या कंटेनरची मुख्य प्रोसेस बॅश (टाइप केलेल्या कमांड चालवणारा शेल) हीच असते, म्हणून बॅश संपली की तो थांबतो. चालू एनजिनएक्स (वेब सर्व्हर) कंटेनरमध्ये ‘एक्झेक’ने बॅश चालवली तर ती जास्तीची प्रोसेस, तिच्यातून ‘एक्झिट’ केलं तरी एनजिनएक्स चालूच राहतो. म्हणून ‘आत जा’ ऐवजी ‘आत आणखी एक बॅश चालवा’ म्हणा. शब्द थोडे जास्त लागतात, पण नंतरचा अर्धा तास वाचतो.

याच शब्दाने आणखी दोन कोडी सुटतात. नुसतं ‘डॉकर रन उबुंटू’ दिलं तर काहीच न दिसता प्रॉम्प्ट परत येतो आणि मुलांना वाटतं बिघडलं. तिथे मुख्य प्रोसेस बॅश आहे, तिला टर्मिनल दिलेलं नाही, वाचायला काही नाही, म्हणून ती लगेच नीट संपते. दुसरं कोडं ‘स्टॉप’ला लागणाऱ्या दहा सेकंदांचं. ‘स्टॉप’ मुख्य प्रोसेसला आधी थांबण्याची विनंती पाठवतो, दहा सेकंद वाट पाहतो आणि मग जबरदस्तीने संपवतो. कंटेनरमधल्या पहिल्या क्रमांकाच्या प्रोसेसने ती विनंती हाताळण्याची सोय स्वतः केलेली नसेल तर कर्नल (ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा) तिच्या बाबतीत नेहमीची कृती करत नाही, म्हणून पूर्ण दहा सेकंद जातात आणि एक्झिट कोड १३७ दिसतो. ‘हँग झाला’ म्हणू नका, ‘विनंती ऐकली नाही’ म्हणा.

पायरी ४: लांब कमांड आधी, आखूड नंतर

‘डॉकर पीएस’ आणि ‘डॉकर इमेजेस’ या आखूड कमांड सगळीकडे दिसतात. शिकवताना मात्र ‘डॉकर कंटेनर एलएस’ आणि ‘डॉकर इमेज एलएस’ वापरा. जानेवारी २०१७ मध्ये आलेल्या डॉकर १.१३ पासून ही पद्धत उपलब्ध आहे: आधी वस्तूचं नाव, मग क्रिया. ‘डॉकर आरएम’ आणि ‘डॉकर आरएमआय’ यांत एका अक्षराचा फरक. ‘डॉकर कंटेनर आरएम’ आणि ‘डॉकर इमेज आरएम’ यांत काय हटणार ते वाक्यातच लिहिलेलं. पायरी २ मधलं ‘तो’ आणि ‘ती’ इथे टर्मिनलवर दिसू लागतं. तिसऱ्या सत्रात आखूड रूपांची यादी द्या, कारण नोकरीत आणि इंटरनेटवर तीच भेटणार आहेत.

‘कंटेनर एलएस’ फक्त चालू कंटेनर दाखवतो. थांबलेले बघायला ‘डॅश ए’ लागतो. पहिल्या दिवशी ‘डॅश ए’ शिवाय ही कमांड शिकवूच नका, नाहीतर ‘थांबवला’ म्हणजे ‘गेला’ अशी समजूत होते.

पायरी ५: एक इमेज, तीन पेठा

शब्द ठरले, आता ते हाताला लावायचे. इमेज आणि कंटेनर यांची नावं वेगवेगळ्या कुळातली निवडा म्हणजे नुसत्या नावावरून काय आहे ते कळेल. कंटेनरला पेठांची नावं देणं सोपं पडतं: कसबा, नारायण, शनिवार. नावं रोमन लिपीत द्यावी लागतात, देवनागरी चालत नाही. आणि इमेजच्या नावात तर मोठी रोमन अक्षरंही चालत नाहीत.

एनजिनएक्सची ठरावीक टॅगची इमेज, समजा १.२७, आणा. तिच्यावरून ‘कसबा’ उभा करून सुरू करा, बाहेरचा पोर्ट ८०८१, आतला ८०. तसाच ‘नारायण’ ८०८२ वर आणि ‘शनिवार’ ८०८३ वर. ब्राउझरमध्ये तिन्ही पत्ते उघडले की एकसारखं स्वागताचं पान दिसतं. आता ‘एक्झेक’ने फक्त कसब्यात यूएसआर-शेअर-एनजिनएक्स-एचटीएमएल या फोल्डरमधल्या इंडेक्स फाइलचा मजकूर बदला. मजकूर रोमन अक्षरांत ठेवा. देवनागरी लिहायची असेल तर पानात यूटीएफ-८ चा मेटा टॅग घाला, नाहीतर अक्षरांच्या जागी कचरा दिसू शकतो आणि वर्गाचं लक्ष भलतीकडे जातं. पानं पुन्हा बघा: कसबा बदलला, बाकी दोन तसेच. इथे विचारा: इमेज बदलली का? नाही. बदल कसब्याच्या स्वतःच्या लिहिता येणाऱ्या थरात गेला.

मग कसबा थांबवा आणि सुरू करा. बदल टिकलेला असतो. हे नक्की करून दाखवा, कारण ‘कंटेनर क्षणभंगुर असतो’ हे वाक्य मुलांनी कुठेतरी वाचलेलं असतं आणि थांबवला की सगळं गेलं असं ती धरून चालतात. आता थांबवून हटवा, आणि त्याच नावाने, त्याच इमेजवरून पुन्हा ‘रन’ करा. स्वागताचं जुनं पान परत आलं. थांबवल्याने जात नाही, हटवल्याने जातं: हे वाक्य फळ्यावर लिहा. चालू कंटेनर थेट हटवू गेल्यास डॉकर नकार देतो, हेही याच वेळी दिसेल.

एक आडवळणाची अडचण इथे हमखास येते. कोणीतरी ‘शनिवार’लाही ८०८१ देतं. डॉकर सांगतो की पोर्ट आधीच दिलेला आहे. विद्यार्थी आकडा दुरुस्त करून तीच कमांड पुन्हा देतो, तर आता नावाचीच एरर येते. कारण पहिल्या वेळी उभा करण्याचं काम झालं होतं, फक्त सुरू करण्याचं फसलं. ‘डॅश ए’ लावून यादी बघितली की ‘क्रिएटेड’ स्थितीतला शनिवार दिसतो. तो हटवा आणि पुन्हा करा. ‘रन’ म्हणजे तीन कामं, हे यापेक्षा चांगलं कुठे दिसत नाही.

पायरी ६: ‘हलकं व्हर्च्युअल मशीन’ म्हणू नका

सोयीचं वाटतं, पण पुढे नडतं. व्हर्च्युअल मशीनला स्वतःचा कर्नल असतो, कंटेनरला नसतो. उपमा द्यायचीच असेल तर पेठेतल्या जुन्या वाड्याची द्या. पाया एक, दिंडी दरवाजा एक, बिऱ्हाडं अनेक, प्रत्येकाची चूल आणि कुलूप वेगळं. बंगल्याचा पाया मात्र त्याचा स्वतःचा. पाया म्हणजे कर्नल. उपमा कुठे तुटते तेही लगेच सांगा: वाड्यात शेजारी कोण राहतं ते कळतं, कंटेनरमधल्या प्रोसेसला शेजारचा कंटेनर दिसतच नाही. हे न दिसणं नेमस्पेस या कर्नलच्या सोयीमुळे होतं. मेमरी आणि सीपीयू किती वापरायचा यावरची मर्यादा सीग्रुपमुळे येते. नेमस्पेसची सुरुवात लिनक्समध्ये २००२ साली झाली, सीग्रुप २००८ साली कर्नलमध्ये आला, आणि डॉकर २०१३ चा. कर्नलमध्ये ‘कंटेनर’ नावाची एक स्वतंत्र वस्तू नाही. या सोयी एकत्र वापरून जे तयार होतं त्याला आपण कंटेनर म्हणतो.

उपमेनंतर पुरावा. लिनक्स मशीनवर बाहेर ‘यूनेम डॅश आर’ द्या, मग अल्पाइन या छोट्या लिनक्सच्या कंटेनरमध्ये तीच कमांड द्या. दोन्हीकडे कर्नलची तीच आवृत्ती येते. विंडोज लॅपटॉपवर मात्र कंटेनरमध्ये मायक्रोसॉफ्ट आणि डब्ल्यूएसएल २ असे शब्द असलेलं नाव येतं. कारण तिथे डॉकर डेस्कटॉप एक छोटं लिनक्स व्हर्च्युअल मशीन चालवतो आणि कंटेनर त्याचा कर्नल वापरतात. म्हणून ‘होस्ट’ हा शब्द विंडोजच्या वर्गात जपून वापरा. ‘तुमचा लॅपटॉप’ आणि ‘लिनक्स मशीन’ असे दोन शब्द ठेवा.

पायरी ७: पोर्टसाठी ‘बाहेरचा’ आणि ‘आतला’

‘पोर्ट उघडा’ हे वाक्य टाळा. ‘डॅश पी ८०८१:८०’ वाचताना दर वेळी ‘बाहेरचा ८०८१, आतला ८०’ असं पूर्ण म्हणा. बाहेरचा आधी, हा क्रम कधी उलटा बोलू नका. डॉकरफाइलमधलं ‘एक्स्पोज’ म्हणजे फक्त नोंद: ही इमेज या पोर्टवर ऐकते. त्याने बाहेरून काहीच पोहोचत नाही. पोहोचवायचं काम ‘पब्लिश’चं, म्हणजे ‘डॅश पी’चं. ‘एक्स्पोज’ला ‘उघडणे’ म्हटलं की हा फरक कायमचा बुजतो.

‘लोकलहोस्ट’ म्हणजे ‘हे मशीन’ असं मुलांना पाठ असतं. कंटेनरमध्ये त्याचा अर्थ ‘हा कंटेनर’. दोन चुका यातून निघतात. एका कंटेनरमधलं ॲप दुसऱ्या कंटेनरमधला डेटाबेस लोकलहोस्टवर शोधतं आणि तो सापडत नाही. किंवा फ्लास्क या पायथनच्या वेब फ्रेमवर्कमधलं ॲप आत १२७.०.०.१ वरच ऐकत राहतं, पोर्ट बरोबर जोडलेला असूनही ब्राउझरमध्ये कनेक्शन तुटतं. ॲपला ०.०.०.० वर ऐकायला सांगितलं की चालतं.

पायरी ८: डेटाच्या दोन जागा, दोन शब्द

‘माउंट’ हा एकच शब्द वापरलात तर दोन वेगळ्या गोष्टी एक होतात. डॉकरने स्वतः सांभाळलेली, नाव असलेली जागा म्हणजे व्हॉल्यूम. ‘डॉकर व्हॉल्यूम एलएस’ने दिसते. तुमच्या लॅपटॉपवरचं ठरावीक फोल्डर कंटेनरमध्ये दिसायला लावणं म्हणजे बाइंड माउंट. ते त्या यादीत दिसत नाही. डेटाबेससाठी व्हॉल्यूम, लिहीत असलेल्या कोडसाठी बाइंड माउंट, एवढं नवख्याला पुरतं. ‘डॅश व्ही’ने दोन्ही करता येतं, म्हणून शिकवताना ‘डॅश डॅश माउंट’ वापरा. त्यात प्रकार शब्दाने लिहिता येतो. कंटेनर हटवला तरी नाव दिलेला व्हॉल्यूम राहतो, हे कसब्यावर करून दाखवा.

पायरी ९: डॉकरफाइलमध्ये ‘बनवताना’ आणि ‘सुरू होताना’

डॉकरफाइलमधला ‘रन’ आणि टर्मिनलवरचा ‘डॉकर रन’ यांचा एकमेकांशी संबंध नाही, आणि नाव मात्र तेच. म्हणून प्रत्येक ओळ वाचताना आधी काळ सांगा. ‘फ्रॉम’, ‘कॉपी’, ‘रन’: इमेज बनवताना. ‘सीएमडी’: कंटेनर सुरू होताना. हे न सांगितल्यास कोणीतरी ॲप सुरू करायची कमांड ‘रन’च्या ओळीत लिहितं आणि बिल्ड संपतच नाही, कारण सर्व्हर बनवण्याच्या टप्प्यातच चालू होऊन बसलेला असतो. ‘सीएमडी’ दोनदा लिहिली तर शेवटची तेवढीच धरली जाते. ‘एंट्रीपॉइंट’ पहिल्या आठवड्यात नको.

बिल्डच्या कमांडमधला शेवटचा टिंब तोंडी सांगताना सुटतो. त्याला ‘कामासाठी दिलेलं फोल्डर’ म्हणा. त्या फोल्डरबाहेरची फाइल ‘कॉपी’ला सापडत नाही, यामागचं कारण मग वेगळं सांगावं लागत नाही.

पायरी १०: आधीच दुसरा अर्थ चिकटलेले शब्द

‘लेटेस्ट’ म्हणजे सर्वांत नवीन, असा अर्थ कोणीही धरेल. डॉकरमध्ये तो फक्त टॅग न दिल्यास गृहीत धरला जाणारा टॅग आहे. मशीनवर जुनी ‘लेटेस्ट’ असेल तर ‘रन’ तीच वापरतो. वर्गात टॅग नेहमी लिहून द्या. पोस्टग्रेस या डेटाबेसच्या अधिकृत इमेजमध्ये आवृत्ती १८ पासून डेटा ठेवायची जागा बदलली. ‘लेटेस्ट’ लिहिलेल्या जुन्या नोट्सवरून व्हॉल्यूम जोडला की कंटेनर सुरूच होत नाही. ‘पोस्टग्रेस १६’ लिहिलेलं असेल तर त्याच नोट्स चालतात.

‘रिपॉझिटरी’ ऐकली की मुलांना गिट आठवतं. म्हणून ‘गिटची रेपो’ आणि ‘इमेजची रेपो’ असं पूर्ण म्हणा. ‘सर्व्हिस’चा अर्थ लिनक्समध्ये, कंपोजमध्ये (अनेक कंटेनर एका फाइलवरून सुरू करणारं साधन) आणि कुबरनेटीसमध्ये (अनेक मशीनवरचे कंटेनर सांभाळणारी प्रणाली) वेगवेगळा. ‘नोड’ म्हणजे जावास्क्रिप्टवालाही आणि क्लस्टरमधलं मशीनही.

‘डॉकर’ हा शब्दही एकटा सोडू नका. कंपनी, टर्मिनलवरची कमांड, मागे चालणारा डेमन, डेस्कटॉप ॲप, हब: पाचही ‘डॉकर’च. ‘डॉकर चालत नाही’ या तक्रारीवर पहिला प्रश्न, कोणता? ‘डॉकर व्हर्जन’ दिल्यावर क्लायंटचा भाग दिसतो आणि सर्व्हरच्या जागी एरर येते, म्हणजे कमांड आहे पण डेमन चालू नाही. विंडोजवर बहुतेक वेळा डेस्कटॉप सुरू करायचा राहिलेला असतो. ‘कुबरनेटीसने डॉकर सोडला’ ही बातमी ऐकून डॉकर शिकण्यात अर्थ आहे का, असं मुलं विचारतात. २०२२ मधल्या १.२४ आवृत्तीतून डॉकर इंजिनशी थेट बोलणारा तुकडा हटवला गेला, एवढंच ते होतं. डॉकरने बनवलेल्या इमेज तिथे आजही चालतात, कारण इमेजचा साचा ओसीआय (ओपन कंटेनर इनिशिएटिव्ह) च्या खुल्या मानकाप्रमाणे असतो.

पायरी ११: वर्गाच्या नेटसाठी ‘सेव्ह-लोड’, ‘एक्स्पोर्ट’ नव्हे

पंचवीस लॅपटॉप एकाच वाय-फायवरून हबकडे गेले की बाहेरून सगळ्यांचा पत्ता एकच दिसतो. खात्याशिवाय इमेज आणण्यावर हबने मर्यादा घातलेली आहे. नोव्हेंबर २०२० मध्ये ती आली तेव्हा एका पत्त्यामागे सहा तासांत १०० पुल अशी होती. प्रत्येकाला आपल्या खात्याने लॉगिन करायला सांगा, किंवा आदल्या दिवशी ‘डॉकर इमेज सेव्ह’ने फाइल करून पेन ड्राइव्हवर वाटा आणि वर्गात ‘डॉकर इमेज लोड’ करून घ्या. ‘एक्स्पोर्ट’ची कमांड सारखीच वाटते, पण ती कंटेनरमधल्या फाइलींचा सपाट गठ्ठा देते. थर, टॅग आणि सुरू करायची कमांड त्यात येत नाही. ‘सेव्ह’ तिच्यासाठी, ‘एक्स्पोर्ट’ त्याच्यासाठी: इथेही लिंग कामाला येतं. फाइल ॲपलच्या एम मालिकेच्या मॅकवर बनवली असेल तर इंटेलच्या लॅपटॉपवर कंटेनर सुरू होताना ‘एक्झेक फॉरमॅट एरर’ येऊ शकते. वर्गात ज्या प्रकारचे लॅपटॉप जास्त आहेत त्या प्लॅटफॉर्मची इमेज आणून सेव्ह करा.

पायरी १२: वाक्यं बोलून घ्या

व्याख्या विचारू नका; पाठ केलेली व्याख्या कोणीही म्हणतं. तीन कमांड द्या आणि प्रत्येकीने काय होईल ते पूर्ण मराठी वाक्यात, वर्ज्य क्रियापदं न वापरता सांगायला लावा. पुरेसे प्रश्न असे: कसबा थांबलेला असताना त्याची इमेज हटवायला गेलो तर काय होईल? डॉकर नकार देतो, कारण थांबलेला कंटेनरही तिच्यावर उभा असतो. ज्याचं उत्तर ‘हटेल’ आलं, त्याच्यासाठी थांबलेला म्हणजे अजूनही गेलेलाच आहे. त्याला पायरी ५ पुन्हा करायला लावा. इमेजचा टॅग बदलला तर चालू कंटेनर बदलेल का? नाही, तो उभा राहिला तेव्हाच्या इमेजवरच राहतो. नवी हवी असेल तर कंटेनर हटवून पुन्हा उभा करावा लागतो. ८०८१ ऐवजी ८०९० वर नारायण हवा आहे, काय कराल? ‘पोर्ट बदलू’ म्हणणाऱ्याला कमांड विचारा. ‘हटवून नव्या पोर्टसह उभा करू’ म्हणणाऱ्याला पुढचा प्रश्न विचारा: त्याच्यातल्या बदललेल्या फाइलींचं काय करशील? इथून व्हॉल्यूमचं सत्र सुरू करता येतं.